न्युमिडियाच्या घोड्याला लगाम नाही

तन्वीने सकाळी सकाळी लाल अक्षरांत लिहून पाठवलं, 'घोड्याला लगाम नाही. खोगीर नाही. मॉडेल अर्धवट आहे, पूर्ण करून द्या,' आणि माझं डोकं फिरलं. हातातली पोह्यांची प्लेट मी टेबलावर अशी आपटली की सेव उडून की-बोर्डात गेली.

तन्वी बिचारी टेस्टर आहे. गेममध्ये काय तुटलंय, काय सुटलंय ते शोधणं हेच तिचं काम. तिचा काही दोष नाही हे मला कळत होतं, तरी मी तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"तन्वी, बेटा, हा घोडा पूर्ण आहे. ह्याला लगाम नव्हताच."

"मग तो चालणार कसा, ताई?"

"दोन हजार वर्षांपूर्वी चालत होता ना! रोमच्या फौजेला घाम फोडला ह्याने."

"हो, पण बघून तर असंच वाटतं ना, की आपण लावायला भूललो."

खरं घोडं तिथेच अडलं होतं. बघणाऱ्याला आमची चूक वाटत होती.

आमचा स्टुडिओ इंदूरच्या सांवेर रोडवर आहे, एका जुन्या गोदामात. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, समोर ट्रक. आतापर्यंत आम्ही मोबाइलवरचे छोटे-मोठे गेम केले होते. हा पहिला मोठा. प्राचीन काळातली राज्यं, खेळणाऱ्याने एक निवडायचं, फौज उभी करायची, लढायचं. काम युरोपातल्या एका कंपनीचं, पण गेमच्या शेवटी नावं येणार होती आमची. मी ऋजुता, ॲनिमेशनची लीड. माणसं, घोडे, हत्ती जे काही हलतं ते माझ्या हाताखालून जातं. इतकी वर्षं काम करतेय, पण एवढ्या मोठ्या गेमवर माझं नाव पहिल्यांदाच लागणार होतं. आईने आमच्या राजेंद्र नगरभर सांगूनही टाकलं होतं.

आफ्रिकेच्या फौजा माझ्याकडे होत्या. नाइलवरच्या कुश राज्याचे तिरंदाज धनुष्य ओढताना अंगठ्यात दगडाची जाड अंगठी घालायचे. त्या अंगठीसाठी मी भांडले आणि ती मिळाली, कारण अंगठी करायला वेळ लागत नाही. पण न्युमिडियाचे घोडेस्वार म्हणजे वेगळं प्रकरण. आजच्या अल्जीरिया-ट्युनिशियाच्या बाजूची ही माणसं. लहान चणीचे चपळ घोडे, त्यांच्यावर उघड्या पाठीवर बसायचं, तोंडात लगाम नाही, मानेभोवती फक्त एक दोरी. जवळ यायचं, भाला फेकायचा, पळायचं, परत यायचं. रोमच्या इतिहासकारांनी हे लिहून ठेवलंय, आणि असेच बिनलगामी आफ्रिकी स्वार तिकडच्या एका विजयस्तंभावर कोरलेलेही आहेत. मी मनाने काही रचलं नव्हतं.

दुपारी प्रणवने बोलावलं. प्रणव आमचा प्रमुख. पुण्याचा. इंदूरला येऊन चार वर्षं झाली, तरी पोह्यांवरची सेव बाजूला काढून खातो. म्हणजे माणूस हट्टी किती ते समजा.

"ऋजुता, सोमवारी क्लायंटचा रिव्ह्यू आहे," तो म्हणाला. "एक तर त्या घोड्याला लगाम लाव, नाही तर घोडाच काढ आणि हा टाक."

त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. बाजारातून विकत घेतलेला तयार सैनिक. कमरेला गवताचा घागरा, गळ्यात हाडांची माळ, हातात भाला. एका माणसाच्या पन्नास प्रती करून रांगेत उभ्या केलेल्या. सगळ्यांचा चेहरा एक, सगळ्यांची मान एकाच वेळी डावीकडे वळते.

"हा कोण?" मी विचारलं.

"आफ्रिकी योद्धा."

"कुठला?"

"आफ्रिकेतला, ऋजुता! आता प्रत्येकाचं आधार कार्ड बघू का?"

"रोमन सैनिकाच्या चपलेचा पट्टा घोट्यावरून जातो की घोट्याखालून, ह्यावर तू अख्खा आठवडा मीटिंगा घेतल्यास. आणि एवढ्या मोठ्या खंडाला एक माणूस? तोही उघडा?"

"वेळ नाहीये. शिवाय तिकडचं कोण तपासायला बसलंय?"

आता मात्र माझा तोल गेला. मागच्या वर्षी एका परदेशी गेममध्ये मराठा घोडेस्वार दाखवला होता. डोक्यावर अरबी पागोटं, पायात टोकदार चढाव, आणि मागे म्हणे वाळवंट. तेव्हा हाच प्रणव तीन दिवस धुमसत होता. फेसबुकवर एवढी लांब पोस्ट लिहिली होती. 'आमच्या पूर्वजांचा अपमान' वगैरे. सगळ्या ऑफिसने ती शेअर केली, मीही केली. मनापासून केली, कारण मलाही लागलं होतं.

मी मोबाइल काढला, ती पोस्ट शोधली आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवली. बाहेर सगळे टाइप करायचे थांबले.

प्रणव लाल झाला. "ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

"ते आपले होते."

"वा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! अरे, हे पण कोणाचे तरी आपलेच आहेत ना?"

त्याने स्क्रीन परत स्वतःकडे वळवला. मग मी बोलले ते बोलले, शब्द परत घेतला नाही. "हा घागरेवाला गेला गेममध्ये, तर माझं नाव काढून टाक. शेवटच्या यादीत ऋजुता नको. खोट्या कामाखाली माझं नाव नको."

"ब्लॅकमेल करतेस?"

"सीधी बात सांगतेय."

प्रणवने बराच वेळ डोळे चोळले. "ठीक आहे. सोमवारपर्यंत मला तो घोडेस्वार चालताना, वळताना, भाला फेकताना दाखव. पुस्तकातली चित्रं नकोत. हलताना पटला पाहिजे. नाही पटला, तर हा जाणार. मग तुझ्या नावाचं तू बघ."

मी म्हटलं, "दाखवते." दार लावताना जरा जोरात लागलं. मुद्दामच.

बोलायला काय, तोंड आपलंच असतं. पण करायचं कसं? आमच्या जुन्या मराठा गेममधला घोडेस्वार हाच आमच्या सगळ्या घोडेस्वारांचा बाप. त्याच्याच हाडांवर, म्हणजे आतल्या हलत्या सांगाड्यावर, आम्ही बाकीचे चढवतो. आणि त्याचे दोन्ही हात लगामाला बांधलेले. मानस, आमचा तांत्रिक माणूस, त्याने माझ्या सांगण्यावरून त्या हाडांवर आमचा बिनलगामी स्वार चढवला आणि घोडा पळवला. स्वाराचे दोन्ही हात पुढे, मुठी आवळलेल्या, कोपरं बाहेर.

मानस माझ्यापेक्षा बराच लहान आणि त्याचं मराठी अर्धं हिंदीतच. तो हसता हसता खुर्चीतून घसरला. "दीदी, हे तर ॲक्टिवा चालवून राहिलेत! राजवाड्याला चालले, सब्जी घ्यायला!"

मीही हसले. मग रडायची वेळ आली, कारण तो बरोबर बोलत होता. हात कुठे ठेवायचे, तोल कसा सांभाळायचा, अंग कुठून वळतं, ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी आयुष्यात घोड्यावर बसले नव्हते. घोड्याची मला भीती वाटते, सांगून टाकते. महूच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारे आहेत, त्यांना फोन केले. बिनखोगीर, बिनलगाम म्हटलं की सगळे फोन ठेवत होते. नेटवरचे व्हिडिओ पाहिले, पण त्यात कोणी भाला फेकत नव्हतं, आणि मला चारी बाजूंनी बघायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी घरी जाताना राजेंद्र नगरच्या वळणावर वरातीमुळे गाडी अडकली. बँड, नाच, फटाके, आणि मध्ये पांढरी घोडी. कानाशी सुतळी बॉम्ब फुटतोय आणि बाईसाहेब डोळे अर्धे मिटून उभ्या! नवऱ्यामुलाच्या कपाळाला घाम, हिला काही नाही. मी गाडी तिथेच कडेला लावली आणि घोडीवाल्याला गाठलं.

त्याचं नाव रघुवीर. घोडीचं चांदनी. मी काय हवंय ते सांगितलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मॅडम, बिना लगाम के तो दूल्हा भी नहीं बैठता."

"मी दूल्हा नाहीये, भिया. मी बसणार."

"गिर गए तो?"

"तो गिर गए. तुमच्यावर नाव नाही येणार."

रविवारी सकाळी चांदनी टेम्पोतून सांवेर रोडवर उतरली. गोदामामागचं आवार आम्ही झाडून घेतलं होतं. सुट्टी म्हणून शेजारचा कारखाना बंद होता, तरी त्यांच्या चौकीदाराकडून रिकाम्या खोक्यांच्या थप्प्या मागून आणून मी सगळ्या बाजूंनी रचल्या होत्या. पडले तर पुठ्ठ्यावर पडेन. मानसने चार मोबाइल काठ्यांना बांधून चार कोपऱ्यांत लावले. भाले म्हणजे फरशी पुसायच्या दांड्या. ढाल लहान, गोल, कातड्याची असायची. ती कुठून आणू? कँटीनमधून परात आणली आणि मागे पट्टा बांधला.

स्टुलावर चढून मी घोडीवर बसले. पाय लटकले. खाली बघितलं आणि देवच आठवले. रघुवीरने लगाम उतरवला, मानेभोवती सैल दोरी टाकली. चांदनीचं अंग माझ्या मांड्यांखाली गरम लागत होतं आणि ती शांत होती.

"दीदी, मूड बनवू का?" मानस ओरडला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने स्पीकरवर गेममधले युद्धाचे नगारे लावले.

अरे देवा! नगारा वाजला मात्र, चांदनीने कान टवकारले, मान वर केली आणि नाचायला लागली. पुढचे पाय एकदा हा, एकदा तो, मग गिरकी. वरातीची घोडी ती! ढोल वाजला की नाचायचं, हीच तिची नोकरी. न्युमिडियाची फौज सांवेर रोडवर ठुमके घेत होती. रघुवीर "बंद करो, बंद करो" ओरडेपर्यंत मी परातीसकट खोक्यांत गेले होते.

कोपर सोललं. माकडहाड असं ठणकलं की डोळ्यांपुढे काजवे. मानस पांढराफटक पडून धावत आला. "सॉरी दीदी, सॉरी, आपण सोडून देऊ..."

"सोडायचं नाव काढशील तर परात घालीन डोक्यात," मी म्हटलं. "स्पीकर बंद कर. स्टूल आण."

दुसऱ्यांदा बसायला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता पडणं म्हणजे काय ते माहीत होतं. पण बसले. सगळं शांत. दांडीने मानेच्या उजव्या बाजूला हलकेच टोचलं, तर घोडी डावीकडे वळली. डाव्या बाजूला टोचलं, उजवीकडे. मला खरंच वाटेना! परत केलं, परत वळली. दोरी ओढली, थांबली. रघुवीरलाही गंमत वाटायला लागली. तो म्हणाला, "अरे वा, ये तो मेरी भी नहीं सुनती इतना."

हळूहळू घोडी दुडक्या चालीवर आली. मी हात पुढे धरायचे सोडून दिले, कारण धरायला काही नव्हतंच. मग अंगच शिकलं. मांड्यांनी धरायचं, कंबर सैल ठेवायची, खांदे मोकळे. भाला फेकताना रिकिबीत उभं राहता येत नाही, रिकीबच नाही, म्हणून फेक येते ती कमरेतून, अंग पिळून. आमच्या जुन्या स्वाराची फेक नुसती खांद्यातून होती. हे मला खुर्चीत बसून जन्मात कळलं नसतं. दांडी फेकली, ती भिंतीला लागली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या ट्रकवाल्यांनी कुंपणावरून माना वर केल्या.

तेवढ्यात फाटकातून प्रणवची गाडी आली. शेजारच्या चौकीदाराने त्याला फोन केला होता, 'मॅडम घोड़ी पे चढ़ गई हैं'.

"वेडी झालीस का?" प्रणव गाडीतूनच ओरडत उतरला. "हात-पाय मोडला असता तर? बंद करा हे सगळं! मानस, तुलाही अक्कल नाही?"

मी घोडीवरूनच म्हटलं, "प्रणव, तू बस."

"काय?"

"तू म्हणतोस ना, लगाम लावू? लगाम लावून बस. रघुवीर भिया, लावा लगाम साहेबांसाठी."

"मी असला तमाशा..."

"घाबरतोस? पोस्टमध्ये तर मोठं लिहिलं होतंस, आमची घोडी अटकेपर्यंत गेली म्हणून. तुला कुंपणापर्यंतच जायचंय."

पुण्याच्या माणसाला असं बोललं की तो विहिरीत पण उडी टाकतो. मी उतरले, तो चढला. इस्त्रीचा शर्ट, पायात ऑफिसचे बूट. रघुवीरने लगाम त्याच्या उजव्या हातात दिला. मी त्याच्या डाव्या हातात परात अडकवली आणि त्याच मुठीत तीन दांड्या दिल्या.

"हे काय?"

"ढाल, आणि पुढचे भाले. एक भाला फेकून घरी जायचं असतं का लढाईतून? चल, आता फेक."

प्रणव तसाच बसून राहिला. डावा हात भरलेला. उजव्यात लगाम. त्याने लगाम डाव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला, तर दांड्या घसरल्या. आम्ही उचलून दिल्या. मग लगाम दातांत धरून बघितला, थुंकला. मग परात काखेत दाबून बघितली, ती खणखणत खाली पडली. चांदनी कंटाळून शेपटी हलवत होती. मानसने तोंडावर हात ठेवला होता. मी हसत नव्हते. मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण माझं सगळं त्याच्यावर होतं.

"परत दे," तो म्हणाला. मी परात दिली. त्याने पुन्हा सगळं नीट हातात घेतलं आणि थोडा वेळ स्वतःच्याच हातांकडे बघितलं. मग रघुवीरला म्हणाला, "भैया, ये लगाम निकाल दो."

रघुवीरने लगाम काढला. प्रणवने उजव्या हातात दांडी घेतली, घोडी दोन पावलं चालली, त्याने दांडी फेकली. लागली कुठेच नाही, खोक्यांपलीकडे गेली. पण फेकली.

उतरल्यावर तो शर्ट झटकायला लागला. शर्टावर घोडीचे पांढरे केस लागले होते. मग म्हणाला, "मला वाटत होतं, त्यांच्याकडे लगाम नव्हता."

"नव्हताच."

"नाही, म्हणजे... मला वाटत होतं, बिचाऱ्यांना जमला नव्हता."

मी वाकून पडलेल्या दांड्या गोळा करायला लागले.

घरी आईने कोपराला हळद लावली आणि भरपूर बोलून घेतलं. "लग्नात नवरा बसतो घोडीवर, तू कशाला बसलीस?" मी जेवून लगेच लॅपटॉप उघडला. मानस त्याच्या घरून, मी माझ्या, आम्ही रविवारचा उरलेला दिवस कामाला जुंपलो. चार मोबाइलच्या चित्रांवरून नवा स्वार उभा केला. हाडं नवी, हात मोकळे, कंबर जिवंत.

सोमवारी रिव्ह्यू. मोठ्या स्क्रीनवर क्लायंटच्या बाई. गेम चालू झाला, टेकडीवरून माझे घोडेस्वार उतरले. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, केस कुरळे, अंगात साधा अंगरखा. आले, कमरेतून पिळून भाले फेकले, रोमन घोडदळाच्या नाकासमोरून वळले आणि गेले.

बाई म्हणाल्या, हालचाल सुंदर आहे. पण घोडे अर्धवट वाटतात. लगाम राहिलाय. लोक तक्रार करतील. तेवढा घालून टाका.

मला वाटलं, संपलं. क्लायंटचा शब्द म्हणजे वरून आलेला शब्द. आजपर्यंत प्रणवने त्यांना कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मनाशी वाक्य जुळवत होते, 'माझं नाव काढा.' आईला काय सांगायचं तेही जुळवत होते.

प्रणव उठला. टेबलाखाली वाकला आणि परात बाहेर काढली. आमच्या कँटीनची परात! तीन दांड्याही होत्या. सगळं डाव्या हातात घेतलं, चौथी दांडी उजव्या हातात उगारली आणि कॅमेऱ्यापुढे तसाच उभा राहिला. इस्त्रीच्या शर्टात.

"मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "आता सांगा, लगाम कुठे धरू?"

बाईंनी स्वतःचे दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग हसल्या. म्हणाल्या, राहू द्या. असाच राहू द्या. आणि खेळणाऱ्यांना कळेल अशा एका ओळीत हे कारणही लिहा.

कॉल संपल्यावर मानसने शिट्टी मारली. तन्वी मला येऊन चिकटली. प्रणव परात कँटीनमध्ये परत द्यायला गेला.

मी जागेवर येऊन बसले. तन्वीची ती लाल तक्रार माझ्या स्क्रीनवर तशीच होती, 'मॉडेल अर्धवट आहे.' बघते तर तिच्याखाली प्रणवने येता येता उत्तर टाकून ती बंद केली होती. एकच ओळ. 'चूक नाही. आपले घोडेस्वार असेच बसायचे.'

आपले. मी ते दोनदा वाचलं. चिडवायची एवढी चांगली संधी वर्षभरात आली नव्हती. पण प्रणव समोर येऊन बसला, पोह्यांची प्लेट पुढे ओढली आणि नेहमीसारखी सेव चमच्याने कडेला सारायला लागला, तेव्हा ती संधी मी सोडून दिली. मी हात लांब केला आणि त्याची सेव खाऊन टाकली.